धुवणाच्या मापाची बाग

शाळेच्या महोत्सवी वर्षानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी काहीतरी कायमस्वरूपी करावे, असा विचार गेल्या दोन मेळाव्यांत पुढे आला. वर्गणी जमू लागली आणि सूचनाही आल्या. त्यांतील सर्वाधिक पाठिंबा मिळालेली सूचना अशी होती, की वाचनालयाच्या मागील ओलसर, शेवाळलेल्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवावेत, मध्यभागी कारंजे करावे आणि भोवती हिरवळ लावावी. कडाव, नेरळ, कर्जत आणि बदलापूर येथे राहणाऱ्या आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी त्या सूचनेला विरोध केला आणि तेथे नेच्यांची सावलीतली बाग करावी, असे सुचविले. सभेत थोडा हशा झाला. 'ना फूल, ना फळ, ना वास. मग त्या झाडाचा उपयोग काय?' असा प्रश्न एका ज्येष्ठ पालकांनी विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर सभेच्या पाच मिनिटांत देता आले नाही. म्हणून स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ही पाने दिली, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

प्रथम ती जागा. वाचनालयाची उत्तरेकडील भिंत आणि कुंपण यांच्यामधील ही पट्टी सुमारे साठ फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. तिच्यावर दोन आंबे, एक फणस आणि एक जांभूळ यांची सावली आहे. वर्षातील बहुतेक दिवस तेथे जमिनीवर ऊन पडत नाही; पडते तेही पानांतून गळून आलेले, नाण्यांएवढे. अशा ठिकाणी हिरवळ टिकत नाही. गवताला ऊन लागते. दोन पावसाळ्यांत हिरवळीची जागा शेवाळ घेईल आणि पेव्हर ब्लॉकवर मुले घसरून पडतील, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. पाणी जिरण्याची जागा बंद झाली, की आंब्याच्या मुळांना जे सोसावे लागेल तेही ध्यानात घ्यावे. या जागेने स्वतःचे मत आधीच दिलेले आहे. कोणीही न लावता भिंतीच्या पायथ्याशी, चुन्याच्या जुन्या सांध्यांतून आणि टाकीच्या गळक्या नळाखाली तेथे नेचे उगवलेले आहेत. आम्ही शिकत होतो तेव्हाही ते होते. दर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी 'श्रमदान' म्हणून आम्हीच ते उपटून टाकत असू, आणि पुढच्या जुलैत ते पुन्हा हजर.

नेचा म्हणजे काय, हे विज्ञानाच्या पुस्तकात टेरिडोफायटा या नावाखाली आपण सर्वांनी एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ केलेले आहे. फुले येणाऱ्या वनस्पती पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून, पस्तीस कोटी वर्षांहून अधिक काळ, हा वंश नांदतो आहे. त्याला बी नसते. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी असतात. लहानपणी आम्ही त्यांना कीड समजत असू. त्या ठिपक्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. बीजाणू ओल्या जागी पडला, तर त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाहूनही लहान, हृदयाच्या आकाराचे एक हिरवे पापुद्र्यासारखे रोपटे तयार होते. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असेल, तरच त्या पाण्यातून पोहत जाऊन नरपेशी मादीपेशीला मिळते, आणि मग त्या पापुद्र्यातून नेचाचे पहिले पान डोके वर काढते. १८५१ साली विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने या दोन पिढ्यांचा उलगडा केला. विशेष म्हणजे हा गृहस्थ विद्यापीठात शिकलेला नव्हता. वडिलांच्या पुस्तकांच्या व संगीताच्या दुकानात काम करता करता त्याने सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिले.

आपल्या तालुक्याला नेच्यांची श्रीमंती लाभलेली आहे. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला भीमाशंकरची रांग आणि मधल्या खोऱ्यात उल्हास, पेज यांचे पाणी. पावसाच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर इथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. आर. डि'अल्मेडा यांनी १९२२ साली 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा मुंबई इलाख्यातील नेच्यांचा शोध घेताना सह्याद्रीचा हा घाटमाथा त्यांच्या दृष्टीने केवढा महत्त्वाचा होता, हे ते पुस्तक चाळताच कळते. शाळेच्या सहलीत आपण कोंदाण्याची लेणी पाहिली आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कान्हाचा शिष्य बालक याने आपले नाव कोरून ठेवले आहे, ते गुरुजी दर वर्षी न चुकता दाखवीत. त्या लेण्यांवरील कड्यावरून पावसाळ्यात पाणी कोसळते आणि ओल्या कातळाच्या भेगाभेगांतून हंसराजाची पाने लवत असतात. तीच लेणी एप्रिलमध्ये पाहावीत. कातळ कोरडा, आणि हंसराजाच्या जागी काळ्या तारांसारखे वाळके देठ.

येथेच आमच्या विषयाची खरी अडचण सुरू होते. मासिकांतून आणि रोपवाटिकांच्या पत्रकांतून 'सदाहरित नेच्यांची बाग' अशी जी चित्रे येतात, ती बहुधा बारमाही पाऊस किंवा धुके असणाऱ्या प्रदेशांतील असतात. आपल्याकडील पाऊस चार महिन्यांचा. बाकीचे आठ महिने कोरडे. आपल्या रानातील बहुतेक नेच्यांनी त्यावर स्वतःचा उपाय शोधला आहे. ते पाने टाकून देतात आणि जमिनीखालील खोडाच्या रूपाने झोपी जातात. आंब्याच्या खोडावर वाढणारे बाशिंग हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याला दोन प्रकारची पाने असतात. एक हिरवी, लांब, कातरलेली. दुसरी आखूड, तपकिरी, खोडाला चिकटून राहणारी. तपकिरी पानांचा द्रोण होतो, त्यात वरून पडणारा पालापाचोळा साठतो, कुजतो आणि त्यावर झाड जगते. उन्हाळ्यात हिरवी पाने गळून जातात. द्रोण मात्र राहतो. हे झाड मेले असे समजून आंब्यावरून खरवडून काढणारे माळी आम्ही पाहिले आहेत. हंसराजाचेही तसेच. आपल्या ओढ्याकाठी पावसाळ्यात सर्वत्र दिसणारा हंसराज पानाचे टोक जमिनीला टेकवून तेथे मूळ धरतो, तेथून पुन्हा पुढे पाऊल टाकतो. पण दिवाळीनंतर तो दिसेनासा होतो. त्याचाच एक भाऊबंद, बारीक त्रिकोणी पानांचा, जेथे बारमाही पाझर आहे आणि चुन्याचा अंश आहे तेथे वर्षभर हिरवा राहतो. दोघांना लोक एकाच नावाने ओळखतात आणि मग रोपवाटिकेतून आणलेला हंसराज 'लबाडीने' सुकला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

तेव्हा आमच्या शाळेत नेचे सदाहरित ठेवायचे, म्हणजे निसर्गाने जे चार महिने दिले ते आपण आठ महिने देत राहायचे. ते देण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही. या शाळेतील कित्येक मुले ज्या ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी वाड्यांतून येतात, तेथे मे महिन्यात त्यांच्या आया हंडा घेऊन डोंगर उतरतात. त्या मुलांच्या देखत पाईप लावून शोभेच्या झाडांवर पाणी सोडणे आम्हाला जमणार नाही. कारंज्याला आम्ही विरोध केला तोही याच कारणासाठी. मग नेच्यांसाठी वेगळा न्याय कसा लावायचा?

उत्तर स्वयंपाकघरात सापडले. तेथील मावशींनी ते सहज बोलता बोलता दिले. 'एवढं धुवण रोज मोरीत जातं, ते घाला की तुमच्या झाडांना,' असे त्या म्हणाल्या. आम्ही तीन दिवस बादल्या मोजल्या. वसतिगृहात दोन्ही वेळचा मिळून पंचवीस ते तीस किलो तांदूळ शिजतो. दोनदा धुतल्यावर त्याचे सुमारे साठ लिटर धुवण निघते. आता दुसरी बाजू पाहू. दाट सावलीतील, पाल्याने झाकलेल्या वाफ्याला ऐन उन्हाळ्यात दिवसाला साधारण चार मिलिमीटर पाणी लागेल असे धरले, तर एका चौरस मीटरला चार लिटर. साठ भागिले चार म्हणजे पंधरा चौरस मीटर. जुन्या मापात एकशे साठ चौरस फूट. आपली पट्टी सहाशे चौरस फुटांची. याचा अर्थ असा, की चतुर्थांशाहून थोडी अधिक जागाच वर्षभर हिरवी राहू शकते. आमचा प्रस्ताव तेवढाच आहे. नळाला नवी तोटी बसणार नाही. बाग धुवणाच्या मापाची राहील.

उरलेल्या तीन चतुर्थांश जागेत रानाच्या रीतीने वागणारे नेचे असावेत. जूनमध्ये उठणारे, ऑक्टोबरात आवरते घेणारे. त्या जागेवर हिवाळ्यात आंब्या-फणसाचा पाला पडू द्यावा, तो झाडून जाळू नये. पाहुण्यांना ती जागा ओसाड वाटेल. वाटू द्यावी. खरे सांगायचे तर आम्हाला बागेचा हा भाग अधिक आवडतो. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात पाल्यातून व्हायोलिनच्या टोकासारखी गुंडाळलेली कोवळी पाने वर येताना पाहण्याचे सुख सदाहरित कोपरा देऊ शकत नाही.

सदाहरित कोपऱ्यात काय लावावे, याबद्दल आमच्यात पुष्कळ वाद झाले. नेफ्रोलेपिस, ज्याला रोपवाटिकेत बोस्टन म्हणतात, तो नको असे काहींचे म्हणणे होते, कारण तो सर्वत्र दिसतो. १८९४ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनला पाठविलेल्या रोपांमध्ये एक वेगळे, लवणाऱ्या पानांचे झाड आढळले, त्यावरून हे नाव पडले आणि ते जगभर पसरले. आमचे मत असे, की सामान्य असणे हा दोष नाही. या वर्गातील जातींपैकी एकीच्या मुळांवर पाण्याने भरलेल्या गोळ्या असतात. पाणी चुकले तरी ती आठवडाभर तग धरते. वसतिगृहाच्या शाळेत पाणी चुकणारच. तिचे धुमारे मात्र दर वर्षी छाटावे लागतात, नाहीतर ती शेजाऱ्यांना जगू देत नाही. मागे उंच वाढणारा ब्लेकनम असावा; त्याची कोवळी पाने तांबूस असतात आणि तो आपल्या कोकण-सह्याद्रीचाच आहे. फणसाच्या बुंध्याशी पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसणारा अ‍ॅस्प्लेनियम. आणि भिंतीच्या सांध्यांत आधीपासूनच असलेला टेरिस, ज्याला आम्ही वर्षानुवर्षे उपटत आलो. या साध्या भिंतीवरच्या नेच्याची गंमत अशी, की तो जमिनीतील आर्सेनिक शोषून आपल्या पानांत साठवितो, हे फ्लोरिडातील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. 'उपयोग काय?' असे विचारणाऱ्या पालकांसाठी हे एक उत्तर होऊ शकेल. पण उपयोग सिद्ध झाल्यावरच एखाद्या झाडाला आश्रय द्यायचा, हे आम्हाला पटत नाही.

लागवडीविषयी थोडे. आपल्याकडे नेचा पाण्यावाचून जितका मरतो, तितकाच पावसाळ्यात मुळे कुजून मरतो. म्हणून वाफे जमिनीपासून वीतभर उंच हवेत. तळाला विटांचे तुकडे, त्यावर वाळू, कुजलेला पाला, नारळाचे सोडण कुटून आणि थोडा कोळशाचा चुरा. खोडाचा शेंडा मातीत गाडू नये. नवशिक्यांची नव्वद टक्के झाडे येथेच दगावतात, असे आमचे अनुभवाने झालेले मत आहे. शेणखत ताजे घालू नये. धुवण त्याच दिवशी वापरावे, शिळे झाले की आंबते आणि त्यावर माशा येतात. ते पानांवर न ओतता बुडाशी ओतावे आणि दर चौथ्या दिवशी त्याऐवजी साधे पाणी द्यावे. भांडी घासलेले साबणाचे पाणी चालणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते, ते वापरा असा आग्रह एका मित्राने धरला. ते आम्ही नाकारले, कारण त्यात क्षार साठलेले असतात आणि नेच्याच्या पानांची टोके करपतात. फरशी पुसायला ते खुशाल घ्यावे. गोगलगायी मात्र येणारच. त्यांच्यावर औषध फवारण्याऐवजी संध्याकाळी कंदील घेऊन मुलांनी त्या वेचाव्यात. या कामाला स्वयंसेवकांची कधीच वाण पडणार नाही.

आता एक कबुली द्यायची आहे. रोपे कोठून आणायची, हा प्रश्न निघाला तेव्हा सभेतील एका गृहस्थांनी हसत सांगितले, 'माथेरानला जाऊ, दोन पोती भरून आणू.' कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. आम्हालाही एके काळी वाटले नव्हते. नववीत असताना डोंगरावरील सहलीतून आम्ही आठ-दहा जणांनी डबे रिकामे करून त्यांत नेचे उपटून आणले होते. वर्गशिक्षकांनी कौतुक केले, वर्गापुढे कुंड्या मांडल्या. होळीपर्यंत त्यांतील एकही राहिला नाही. आम्ही कुंड्या रिकाम्या केल्या, आणि पुढल्या वर्षीच्या मुलांनी त्या पुन्हा भरून आणल्या. असे किती वर्षे चालले कोण जाणे. ज्या उतारावरून ती रोपे आणली तो आता उघडा, मातीचा आहे. त्याला आम्हीच कारण झालो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तेथे पायवाट रुंद झाली आणि गुरेही चरली. पण आमचा हात त्यात होता.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला नेच्यांचे असेच वेड लागले होते. लंडनच्या धुरकट वस्तीत राहणारे नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या बागेतील नेचे धुराने मरत. १८२९ साली एका पतंगाचा कोश त्यांनी ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला, तर त्या मातीतून एक नेचा आणि गवताचे पाते उगवले, आणि बंद काचेत ते वाढत राहिले. त्यातून काचपेटीत रोपे वाढविण्याची आणि जहाजांतून देशोदेशी नेण्याची पद्धत निघाली. चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आली ती अशाच पेट्यांतून. पण त्याच पेट्यांमुळे घरोघरी दिवाणखान्यात नेचे ठेवण्याची हौस वाढली. लोक टोपल्या घेऊन दऱ्याखोऱ्यांत हिंडू लागले. चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ साली या खुळाला 'टेरिडोमेनिया' असे नावच दिले. आयर्लंडमधील किलार्नीच्या धबधब्याकाठचा एक नाजूक नेचा या हौशीपायी जवळजवळ नाहीसा झाला. ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांचे नेच्यांवर प्रेमच होते.

माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. भीमाशंकर अभयारण्यातून वनस्पती उपटणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा नसता तरी शाळेने ते करू नये, असे आम्ही म्हटले असते. म्हणून आमच्या प्रस्तावातील एकमेव न बदलता येणारी अट ही, की या बागेत रानातून उपटलेले एकही झाड येणार नाही. देणगीदाराने आणून दिले तरी ते परत पाठविले जाईल. रोपवाटिकेतून घेतानाही विचारावे की हे रोप तुमच्याकडे वाढले की कोणी रानातून आणून दिले. कुंडीतल्या मातीकडे पाहिले तरी बऱ्याचदा उत्तर कळते. आमच्यापैकी एकाला अशाच एका ठिकाणाहून मिळालेल्या झाडाच्या मुळांत रानातील कातळाचा तुकडा तसाच अडकलेला होता.

मग रोपे येणार कोठून? काही जुन्यांचे गड्डे फोडून, काही टाकीच्या नळाखालून, आणि बाकीची बीजाणूंपासून. ही शेवटची रीत शाळेसाठीच जन्मली आहे, असे आम्हाला वाटते. पाठीवर तपकिरी ठिपके पिकलेले पान कागदाच्या पाकिटात दोन दिवस ठेवावे. तळाशी तपकिरी धूळ जमते. एक साधी वीट उकळत्या पाण्यात बुडवून निर्जंतुक करावी, बशीत पाणी घालून तीत उभी ठेवावी, गार झाल्यावर तिच्यावर ती धूळ भुरभुरावी आणि वर काचेची बरणी उपडी घालावी. उत्तरेच्या खिडकीत ठेवून द्यावे. काही आठवडे काहीच दिसत नाही. मग विटेवर हिरवी झाक येते. दोन-तीन महिन्यांनी भिंगातून ते हृदयाच्या आकाराचे पापुद्रे दिसू लागतात, आणि त्यानंतर केव्हातरी पहिले पान. कुंडीत लावण्याजोगे रोप व्हायला वर्ष जाते, कधी अधिक. सातवीत पेरणाऱ्या मुलीला आपले झाड वाफ्यात लावायला आठवी-नववी उजाडेल. आम्ही गेल्या जूनमध्ये प्रयोगशाळेत अशा सहा विटा मांडल्या. दोन बुरशीने गेल्या, एक कोणीतरी दरवाजा अडवायला नेली. तीनवर हिरवे आले आहे.

पालकांनी उपस्थित केलेला आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यापुढे आम्ही माघार घेतली, हे नमूद केले पाहिजे. मूळ योजनेत बाग मुलींच्या वसतिगृहाच्या खिडक्यांपर्यंत नेण्याचे होते. ओलसर सावली, दगड, पाला म्हणजे बेडूक आणि उंदीर; आणि त्यांच्यामागे साप. आपल्या भागात मण्यार, घोणस, फुरसे, नाग सगळेच आहेत, आणि मण्यार रात्री घरात शिरते. एका मातेने हे बोलून दाखविले तेव्हा आमच्यातील एकाने 'नेच्यांमुळे साप येत नाहीत' असे उत्तर दिले. शब्दशः ते खरे असेलही. पण पाल्याच्या ढिगामुळे येतात. म्हणून बाग वाचनालयामागेच राहील, निजण्याच्या इमारतींपासून दूर. भिंतीलगत तीन फुटांची मुरमाची पट्टी स्वच्छ ठेवली जाईल, दगडांचे ढिगारे रचले जाणार नाहीत, दिवे लागल्यावर मुले तेथे जाणार नाहीत, आणि गोगलगायी वेचणेही संध्याकाळी उजेड असतानाच, पायात बूट घालून आणि शिक्षक सोबत असतील तेव्हाच. वर आम्ही कंदिलाचा उल्लेख केला आहे. तो लेखातून काढून टाकावा की काय, असा विचार आला होता, पण आमची हौस कशी वाहवत जाते हे पालकांना दिसावे म्हणून तसाच राहू दिला.

शेवटची अडचण आम्हाला सर्वांत उशिरा सुचली, आणि ती सुचविली तीही स्वयंपाकघरातील मावशींनीच. 'सुट्टीत भात कोण शिजवणार?' दोन मे ते चौदा जून वसतिगृह बंद. म्हणजे ज्या चव्वेचाळीस दिवसांत नेच्यांना पाणी सर्वाधिक हवे, त्याच चव्वेचाळीस दिवसांत धुवण नाही. आमची सगळी आकडेमोड तेथे कोसळली. त्यावर पुष्कळ खल झाला. मडकी जमिनीत पुरून त्यांतून पाणी झिरपू द्यावे, म्हणजे तीन दिवसांतून एकदा भरली तरी चालेल; कुंड्यांतील झाडे फणसाखाली एकत्र आणून ठेवावीत; पाल्याचा थर जाड करावा. एवढे करूनही रोज सरासरी दोन हंडे पाणी लागेल. दीडशे मुले घरी गेलेली असताना शाळेच्या विहिरीला दोन हंडे जड नाहीत. पण ज्या वर्षी वाडीवरच्या बायाबापड्या या विहिरीवर येतील, त्या वर्षी बागेचे पाणी त्या दिवसापासून बंद होईल. असे आम्ही प्रस्तावात लिहून दिले आहे. पाने जातील. पाल्याखाली खोडे जगली तर पुढच्या पावसात पुन्हा फुटतील, नाही जगली तर विटा आहेतच.

हे पाणी घालायला पगारी माणूस नेमावा, अशी एक सूचना आहे आणि वर्गणीतून ते शक्यही आहे. आम्हाला ते नको. कडाव आणि आसपासच्या दहा-बारा किलोमीटरच्या परिसरात या शाळेचे शंभरावर माजी विद्यार्थी राहतात. चव्वेचाळीस संध्याकाळी आहेत. अकरा घरांनी प्रत्येकी चार घेतल्या तरी पुरे. आमच्यापैकी जे दूर आहेत त्यांनी पैसे पाठविले, त्यांचे आभार. पण बागेला त्यांची एखादी संध्याकाळ अधिक उपयोगी पडेल, आणि येताना मुलांनाही आणावे.

त्यासाठी कार्यालयात एक वही ठेवली आहे. पानावर तारखा छापल्या आहेत, समोर नाव लिहायचे. हा लेख छपाईला देताना सव्वीस तारखांपुढे नावे पडली होती. मे महिन्याचा शेवटचा आठवडा लग्नसराईमुळे जवळजवळ रिकामा आहे. त्यांतील एकोणतीस आणि तीस मे या दोन तारखा मावशींनी आपल्या नावावर घेतल्या आहेत. त्यांचे घर शाळेला लागूनच आहे आणि त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे असल्याने भात जास्तच होणार आहे, असे त्यांनी वहीत लिहायला सांगितले.